शेजाऱ्याला परका ठरवणारा इतिहास

एखादा समाज समूळ नष्ट करण्याचा प्रयत्न माणसाने हजारो वर्षे केला; पण या गुन्ह्याला स्वतंत्र नाव मिळाले ते १९४४ साली. राफाएल लेमकिन हा पोलंडमधला ज्यू कायदेपंडित. नाझींच्या तावडीतून निसटून तो अमेरिकेत पोचला होता. वंश किंवा जमात या अर्थाचा ग्रीक शब्द आणि हत्या या अर्थाचा लॅटिन प्रत्यय एकत्र करून त्याने ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला. मराठीत आपण त्याला वंशसंहार किंवा नरसंहार म्हणतो. लेमकिनच्या स्वतःच्या कुटुंबातली चाळीसहून अधिक माणसे नाझींच्या राजवटीत मारली गेली.

हा प्रश्न लेमकिनच्या मनात आला तो मात्र त्याच्या किती तरी आधी, आणि त्याचे निमित्त ज्यू नव्हते. १५ मार्च १९२१ रोजी बर्लिनच्या रस्त्यावर सोगोमोन तेहलिरियान या आर्मेनियन तरुणाने उस्मानी साम्राज्याचा माजी वजीर-ए-आझम तलत पाशा याला गोळी घातली. खटला झाला आणि ज्युरीने तेहलिरियानला निर्दोष सोडले. लेमकिन तेव्हा विद्यार्थी होता. एका माणसाला मारले तर खटला चालतो, मग लाखो माणसे मारणाऱ्या तलतवर खटला का चालला नाही, असे त्याने आपल्या प्राध्यापकांना विचारले. शेतकऱ्याने आपल्या खुराड्यातल्या कोंबड्या मारल्या तर त्यात दुसऱ्याने पडण्याचे कारण नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. प्राध्यापक क्रूर नव्हते. राज्याचे सार्वभौमत्व म्हणजे काय, ते सांगत होते. पण प्रजेला कोंबड्यांच्या जागी बसवल्याशिवाय ते सांगता येत नव्हते, ही गोष्ट त्या विद्यार्थ्याच्या मनातून गेली नाही.

या शब्दाच्या प्रवासात आपल्या देशाचाही वाटा आहे. ११ डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय कायद्याखालचा गुन्हा आहे, असा ठराव केला. तो मांडण्यात क्यूबा आणि पनामा यांच्याबरोबर भारत होता. भारत तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या, ज्या पुढे महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. मुंबईचे न्यायमूर्ती एम. सी. छागला हेही त्या शिष्टमंडळात होते. ९ डिसेंबर १९४८ रोजी वंशसंहारविरोधी करार मंजूर झाला आणि १९५९ मध्ये भारताने त्याला रीतसर मान्यता दिली.

कायदा गुन्हा घडल्यावर येतो. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याच्या मागे जावे लागते. सामान्य माणूस आपल्या शेजाऱ्याच्या खुनाला तयार कसा होतो? याचे एक उत्तर आपल्या परिचयाचे आहे. आधी त्या शेजाऱ्याला जनावर ठरवले जाते. नाझींच्या प्रचारपटात ज्यूंची तुलना उंदरांशी केली गेली आणि ऑश्विट्झच्या गॅस कोठड्यांमध्ये जे ‘झिक्लॉन बी’ वापरले गेले, ते मुळात कीटकनाशक होते. शब्दातली उपमा तिथे अक्षरशः अमलात आली. साठ लाख ज्यू मारले गेले, रोमा लोक मारले गेले. अपंग आणि मनोरुग्णांची हत्या तर त्याआधीच सुरू झाली होती.

पण माणसाचा किडा होण्याच्या आधी आणखी एक पायरी असते. ती शांतपणे, बहुधा सुशिक्षितांच्या हातून ओलांडली जाते. ती म्हणजे शेजाऱ्याला परका ठरवणे. हे काम शिवीगाळीने होत नाही, इतिहासाने होते. एखादी खरी जखम शोधली जाते. जखम करणारे केव्हाच मातीत गेलेले असतात, म्हणून तिचा हिशेब आज हयात असलेल्या शेजाऱ्याच्या नावावर मांडला जातो. विसाव्या शतकातल्या तीन संहारांमध्ये हे कसे घडले, ते इथे पाहायचे आहे. उदाहरणे मुद्दाम निवडली आहेत. एकात मुसलमान संख्येने थोडे आणि सत्तेपासून दूर होते. दुसऱ्यात मारले गेले ते मुसलमान होते. तिसऱ्यात मारणारी सत्ता मुसलमानांची होती.

रवांडा : ओळखपत्र आणि रेडिओ

मध्य आफ्रिकेतल्या रवांडात हुतू आणि तुत्सी शतकानुशतके एकाच डोंगरावर राहत, एकच किन्यारवांडा भाषा बोलत आणि एकाच देवाला मानत. राजा तुत्सी असे, सत्ता आणि गुरेढोरे यांच्यावर तुत्सी सरदारांचा वरचष्मा असे. पण या भिंती अभेद्य नव्हत्या. गुरे आणि प्रतिष्ठा मिळवलेला हुतू काळाच्या ओघात तुत्सींमध्ये गणला जाऊ शके.

युरोपियन आले आणि त्यांनी याचा वंशशास्त्रीय अर्थ लावला. तुत्सी उंच, नाकेले, म्हणून ते इथले नव्हेत. ते इथियोपियाकडून आलेले, ‘हाम’च्या वंशातले उच्च लोक, असा सिद्धान्त एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी मांडला आणि मिशनऱ्यांनी शाळांमधून शिकवला. बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शिरगणती करून प्रत्येकाच्या हाती ओळखपत्र दिले. त्यावर हुतू, तुत्सी किंवा त्वा अशी नोंद असे. जी गोष्ट एका पिढीत बदलू शकत होती, ती आता बापाकडून मुलाकडे कागदावर जाऊ लागली. नोकऱ्या आणि शिक्षण तुत्सींना मिळाले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तेच तुत्सी स्वातंत्र्य मागू लागले, तेव्हा बेल्जियमने पारडे फिरवले आणि हुतूंच्या पाठीवर हात ठेवला. १९५९ पासून तुत्सींच्या कत्तली आणि स्थलांतरे सुरू झाली. १९६२ साली देश स्वतंत्र झाला. ओळखपत्र मात्र तसेच राहिले.

उच्चतेचा पुरावा म्हणून सांगितलेली परदेशी उगमाची गोष्ट आता उलटी वापरली गेली. नोव्हेंबर १९९२ मध्ये सत्ताधारी पक्षाचा नेता लेओं मुगेसेरा याने एका सभेत भाषण केले. तुमचे घर इथियोपियात आहे, तुम्हाला न्याबारोंगो नदीच्या वाटेने लवकर तिकडे पाठवू, असा त्याचा आशय होता. न्याबारोंगो ही नाईलच्या उगमाकडे जाणारी नदी आहे. दीड वर्षाने त्या नद्यांमधून हजारो प्रेते वाहत व्हिक्टोरिया सरोवरात पोचली आणि युगांडाच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी ती पुरली. मुगेसेरा कॅनडात पळाला होता. २०१२ साली त्याला परत पाठवण्यात आले आणि २०१६ मध्ये जन्मठेप झाली.

८ जुलै १९९३ रोजी ‘आरटीएलएम’ हे खासगी रेडिओ केंद्र सुरू झाले. गाणी, विनोद आणि गप्पा यांमुळे ते लोकप्रिय होते. त्या गप्पांमध्ये तुत्सींसाठी ‘इन्येंझी’, म्हणजे झुरळ, हा शब्द सर्रास येई. हा शब्द पूर्वी सीमेपलीकडून हल्ले करणाऱ्या तुत्सी बंडखोरांसाठी वापरला जात होता. आता तो शेजारच्या घरातल्या म्हातारीलाही लागू झाला. या केंद्राच्या संस्थापकांपैकी फर्दिनां नाहिमाना हा अडाणी गुंड नव्हता. तो विद्यापीठात इतिहास शिकवणारा प्राध्यापक होता.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान पाडण्यात आले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांचा खून झाला. त्या स्वतः हुतू होत्या, पण समेटाच्या बाजूच्या होत्या. रस्त्यारस्त्यावर नाके उभे राहिले. नाक्यावर ओळखपत्र मागितले जाई आणि त्यावरच्या एका शब्दावर जीव ठरे. मारण्याला ‘काम’ म्हटले जाई. सुमारे शंभर दिवसांत जवळपास आठ लाख माणसे मारली गेली, त्यांतली बहुसंख्य सुरे-कोयत्यांनी आणि सोट्यांनी. लोक आश्रयासाठी चर्चमध्ये गेले आणि न्तारामा, न्यामाता, न्यारुबुये इथली चर्चेसच कत्तलखाने झाली. संयुक्त राष्ट्रांचा सेनाधिकारी रोमिओ डॅलेर याने जानेवारीतच धोक्याची तार पाठवली होती. प्रत्यक्ष कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा समितीने त्याचे सुमारे अडीच हजारांचे दल २७० वर आणण्याचा निर्णय घेतला.

रवांडातले मुसलमान तेव्हा लोकसंख्येत अगदी थोडे होते. बेल्जियन काळात त्यांना वेगळ्या वस्त्यांमध्ये ठेवले गेले होते आणि सत्तेच्या राजकारणात त्यांना स्थान नव्हते. हुतू-तुत्सी विवाह त्यांच्यात नेहमीचे होते. किगालीच्या बिर्योगो भागातल्या मुसलमान घरांनी अनेकांना लपवले. पूर्वेकडच्या माबारे इथे मशिदीत आलेल्या लोकांच्या बाजूने हुतू मुसलमानही उभे राहिले. शेवटी सैन्याच्या बंदुकांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. संयुक्त राष्ट्रांचा निरीक्षक म्हणून आलेला सेनेगलचा मुसलमान अधिकारी कॅप्टन म्बाये दियान्य नाक्यांवरच्या मारेकऱ्यांशी हसतखेळत बोलत, सिगारेटी वाटत, गाडीतून माणसे सुरक्षित जागी नेत राहिला. ३१ मे १९९४ रोजी एका नाक्यावर तोफगोळ्याचा तुकडा लागून तो मरण पावला. संयुक्त राष्ट्रसंघ आज त्याच्या नावाने शौर्यपदक देतो.

ही हकिगत आपल्या सभांमधून अभिमानाने सांगावी अशीच आहे. पण ती अर्धी सांगू नये. द्वेष पसरवणाऱ्या ‘कांगुरा’ या नियतकालिकाने डिसेंबर १९९० मध्ये हुतूंसाठी दहा आज्ञा छापल्या. तुत्सी स्त्रीशी लग्न करणारा हुतू गद्दार, तुत्सींवर दया करणे थांबवा, अशा त्या आज्ञा होत्या. झुरळाच्या पोटी झुरळच जन्मते, असा लेखही त्यात आला. त्या नियतकालिकाच्या संपादकाचे नाव हसन न्गेझे. तो मुसलमान होता. २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने नाहिमाना, वकील बारायाग्विझा आणि न्गेझे या तिघांना दोषी ठरवले. कोयता हातात न घेता, शब्दांसाठी झालेली ही शिक्षा होती. अपिलात ती कमी झाली, तरी तिघांची सुटका झाली नाही. बिर्योगोतल्या घरांचे दरवाजे धर्माने उघडले असतील, तर न्गेझेची लेखणी धर्माने का थांबवली नाही? नाव मुसलमानाचे असणे एवढ्याने माणूस वाचत नाही, दुसऱ्याला वाचवतही नाही. जातीच्या कागदापेक्षा एकत्र नमाज पढणाऱ्याला आणि दारात आलेल्याला मोठे मानणारे तिथे वाचवणारे ठरले.

बोस्निया : सहाशे वर्षांपूर्वीची लढाई

बोस्नियातले मुसलमान तुर्कस्तानातून आलेले नव्हते. ते तिथलेच स्लाव. उस्मानी काळात त्यांच्या पूर्वजांनी इस्लाम स्वीकारला. सर्ब आणि क्रोएट शेजारी बोलत तीच भाषा ते बोलत. १९९१ च्या जनगणनेत त्यांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. साराएव्होत मशीद, दोन पंथांची चर्चेस आणि ज्यूंचे प्रार्थनास्थळ चालत जाण्याच्या अंतरावर होते.

कोसोव्होची लढाई १३८९ सालची. सर्ब राजा लाझार त्यात उस्मानी फौजेकडून मारला गेला. युगोस्लाव्हिया मोडकळीला आला तेव्हा, १९८८-८९ मध्ये, लाझारच्या अस्थींची गावोगाव यात्रा काढण्यात आली. २८ जून १९८९ रोजी लढाईच्या सहाशेव्या स्मृतिदिनी मिलोसेविचने प्रचंड जमावापुढे भाषण केले. या कथनाला एक ताजी आणि खरी जखमही होती. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियातल्या उस्ताशा राजवटीने लाखो सर्ब मारले होते आणि काही मुसलमानही तिच्या बाजूला होते. ते दुःख खोटे नव्हते. खोटा होता तो त्याचा उतारा. बोस्नियातला मास्तर, सुतार, ट्रक ड्रायव्हर हा ‘तुर्क’ ठरला आणि पाचशे वर्षांच्या उस्मानी राजवटीचे बिल त्याच्या दारात आणून ठेवले गेले.

१९९२ साली युद्ध सुरू झाले. ३१ मे रोजी प्रियेदोर शहरात सर्ब अधिकाऱ्यांनी फर्मान काढले, की सर्बेतरांनी घरांवर पांढरी फडकी लावावीत आणि बाहेर पडताना दंडावर पांढरी पट्टी बांधावी. जवळच्या ओमार्स्काच्या खाणीत छळछावणी होती. ऑगस्टमध्ये साराएव्होच्या राष्ट्रीय ग्रंथालयावर तोफा डागण्यात आल्या आणि लाखो पुस्तके जळाली. हाकलणे आणि मारणे यासाठी जगाला तेव्हा एक नवा शब्दप्रयोग मिळाला, ‘वांशिक शुद्धीकरण’. मारेकऱ्यांच्या तोंडचा हा शब्द वृत्तपत्रांनीही बिनदिक्कत उचलला. शुद्धीकरण म्हटले की कुणाला तरी घाण ठरवलेले असते, एवढाही विचार झाला नाही.

स्रेब्रेनित्साला १६ एप्रिल १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित क्षेत्र जाहीर केले होते. ११ जुलै १९९५ रोजी जनरल रात्को म्लादिच तिथे शिरला आणि कॅमेऱ्यापुढे म्हणाला, की या प्रदेशातल्या तुर्कांचा सूड घेण्याची वेळ आली आहे. त्याच्यापुढे तुर्क कुणीच नव्हता. निर्वासित होते आणि डच सैनिकांची हतबल तुकडी होती. बायका-मुलांना बसमध्ये बसवून वेगळे काढण्यात आले आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि किशोरवयीन मुले मारली गेली. नंतर यंत्रे लावून थडगी उकरण्यात आली आणि प्रेते दुसरीकडे नेऊन पुरण्यात आली. त्यामुळे एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या खड्ड्यांमध्ये सापडली. आजही पोतोचारीच्या कबरस्तानात दरवर्षी ११ जुलैला नव्याने ओळख पटलेल्यांचे दफन होते. काही आयांच्या वाट्याला पुरण्यासाठी दोन-चार हाडेच आली.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये हा वंशसंहार असल्याचे मान्य केले आणि तो रोखण्यात सर्बियाने कसूर केली, असे म्हटले. म्लादिचची जन्मठेप २०२१ मध्ये कायम झाली. एवढे होऊनही नाकारणारे नाकारतातच. म्हणून एक नाव इथे लिहिले पाहिजे. त्रेबिन्ये शहरातला स्र्द्जान अलेक्सिच हा सर्ब सैनिक. जानेवारी १९९३ मध्ये त्याच्याच सैन्यातले लोक एका मुसलमान ओळखीच्या माणसाला मारहाण करत होते. अलेक्सिच मध्ये पडला. त्यांनी बंदुकीच्या दस्त्यांनी त्यालाच इतके मारले, की काही दिवसांनी तो गेला. साराएव्होत त्याच्या नावाचा रस्ता आहे. ‘सर्ब असेच’ असे म्हणण्याचा मोह झाला, तर हे नाव आठवावे.

अनातोलिया : आपली कसोटी

आता तिसरे उदाहरण. स्रेब्रेनित्सा वाचताना आपला श्वास जड होतो. १९१५ वाचताना तोच श्वास सावध होतो, कारणे शोधू लागतो. हा लेख खरे तर त्या सावधपणाविषयी आहे.

उस्मानी साम्राज्यात आर्मेनियनांना एकेकाळी ‘मिल्लत-ए-सादिका’, म्हणजे इमानी जमात, म्हणत. त्यांच्यात कारागीर, व्यापारी आणि सनदी अधिकारी होते, तसे पूर्वेकडच्या खेड्यांमधले गरीब शेतकरीही होते. साम्राज्य आक्रसू लागले तसा हा शब्द विरत गेला. १८९४-९६ मध्ये आणि १९०९ साली अदानात आर्मेनियनांच्या मोठ्या कत्तली झाल्या. मग बाल्कन युद्धे आली. १९१२-१३ मध्ये बाल्कन प्रदेशातून लाखो मुसलमान मारले-हाकलले गेले. अंगावरच्या कपड्यांनिशी ते अनातोलियात आले. ही जखम खरी होती. जगाने तिच्याकडे पुरेसे पाहिले नाही, ही तक्रारही खरी आहे. पण ती जखम केली होती बाल्कन राज्यांच्या फौजांनी. हिशेब लागला तो एर्झुरूम आणि खारपूतच्या आर्मेनियन शेजाऱ्याच्या नावावर.

महायुद्धात सारिकामिशला रशियाकडून उस्मानी फौजेचा दारुण पराभव झाला आणि दोष आर्मेनियनांवर आला. काही आर्मेनियन दस्ते रशियाच्या बाजूने लढत होते, हेही खरे. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री इस्तंबूलमधले आर्मेनियन लेखक, पत्रकार, वकील, धर्मगुरू पकडले गेले. त्यांतले बहुतेक परतले नाहीत. मेअखेरीस स्थलांतराचा कायदा आला. ‘तेहजीर’ हा त्यातला सरकारी शब्द. सोडलेल्या मालमत्तेची नोंद ठेवायला आयोग नेमले गेले, म्हणजे घरातली भांडी आणि गोठ्यातली जनावरे मोजली गेली. माणसे मात्र सिरियाच्या वाळवंटाकडे, देर-एझ-झोरकडे, पायी हाकली गेली. पुरुष वाटेतच वेगळे काढून मारले गेले. बाकीचे भूक, तहान, टोळ्यांचे हल्ले आणि साथी यांनी गेले. मृतांचा आकडा सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितला जातो. तुर्कस्तानचे सरकार याला वंशसंहार मानत नाही. या विषयाचे बहुसंख्य अभ्यासक मानतात. दियारबकीरचा वली मेहमेद रशीद हा पेशाने डॉक्टर होता. देशाच्या शरीरातले जंतू, या भाषेत तो आर्मेनियनांविषयी बोलत असे. रवांडात झुरळ, जर्मनीत उंदीर, इथे जंतू.

आपल्याकडे या विषयाची एक अडचण जुनी आहे. खिलाफत चळवळीचे केंद्र मुंबई होते. १९१९-२० मध्ये खलिफा आणि तुर्कस्तान यांच्या बचावासाठी इथला मुसलमान रस्त्यावर आला होता. आर्मेनियनांच्या कत्तलींच्या बातम्या तेव्हा अनेकांना इंग्रजांचा प्रचार वाटल्या. वाटण्याला कारणही होते, कारण ब्रिटिश सरकारने त्या बातम्या खरोखरच युद्धप्रचारासाठी वापरल्या. पण शत्रूने वापरली म्हणून बातमी खोटी ठरत नाही. साम्राज्यवादाशी लढणारा माणूस साम्राज्यवाद्यांच्या तोंडून आलेले सत्य ऐकायला नाखूश असतो. ही दुर्बलता समजून घेता येते, पण शंभर वर्षांनंतरही ती जपण्याचे कारण नाही.

‘युद्ध चालू होते’, ‘त्यांनीही आपल्यातले मारले’, ‘ते फितूर होते’. १९१५ साठी दिली जाणारी ही कारणे ओळखीची वाटतील. रवांडात तुत्सी बंडखोरांची फौज खरोखरच सीमेवरून आली होती. स्रेब्रेनित्साच्या आसपास सर्ब खेडुतही मारले गेले होते आणि म्लादिचचे समर्थक आजही तेच पुढे करतात. ही कारणे स्रेब्रेनित्साला लागू पडत नसतील, तर अनातोलियालाही पडत नाहीत. दंगलीची, लढाईची, फितुरीची शिक्षा दुधपित्या मुलाला देता येत नाही. वंशसंहाराची व्याख्या तिथूनच सुरू होते.

आणि नकार देणारे तिथेही होते, सरकारी खुर्चीवर होते. जलाल बे आधी हलबचे आणि मग कोन्याचे वली होते. त्यांनी आदेश रोखून धरले, हजारोंना कोन्यात थांबवले आणि शेवटी पद गमावले. युद्धानंतर इस्तंबूलच्या वृत्तपत्रात त्यांनी लिहिले. प्रेते वाहून नेणाऱ्या नदीच्या काठी बसलेल्या आणि हाताला सापडतील तेवढ्यांनाच ओढून काढू शकलेल्या माणसाशी त्यांनी स्वतःची तुलना केली. लिजेचे कायमकाम हुसेन नेसिमी यांना आदेश न पाळल्याबद्दल जीव द्यावा लागला. मक्केचे शरीफ हुसेन यांनी आपल्या लोकांना आर्मेनियनांचे आपल्यासारखेच रक्षण करण्यास लिहिले. वाळवंटातल्या कित्येक अरब घरांनी अनाथ मुले सांभाळली. ही नावे आपल्या पाठ्यपुस्तकात नाहीत, आपल्या वाझमध्येही क्वचित येतात. कारण ती घ्यायची, तर ती कुणाच्या विरोधात उभी राहिली हे आधी सांगावे लागते. गुन्हा नाकारणारा आपल्याच सज्जनांना इतिहासातून बाद करतो.

हिशेब कुणाच्या दारात

कुठल्या तरी सुलतानाचा जाब आज शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलाकडे मागितला जातो तेव्हा काय होते, हे या अंकाच्या वाचकाला समजावून सांगायला नको. ‘तुम्ही बाहेरून आलात’ हे वाक्य त्याने ऐकलेले आहे. म्हणूनच हे यंत्र ओळखण्याची आणि ते आपल्या हातून न चालवण्याची जबाबदारी त्याच्यावर अधिक आहे.

२६ जानेवारी २०२४ च्या आदेशात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने गाझासंबंधी इस्रायलला तातडीचे निर्देश दिले. युद्धकाळात तिथल्या संरक्षणमंत्र्याने मानवी जनावरे असा जो शब्द वापरला होता, तो न्यायालयाने आदेशात नोंदवला. शंभर वर्षांच्या अनुभवाने न्यायालये अशा शब्दांकडे लक्ष देऊ लागली आहेत. गाझासाठी आवाज उठवणे आपले कर्तव्यच आहे. पण आपल्या मोहल्ल्यात ‘यहुदी’ हा शब्द शिवी म्हणून वापरला जातो, साठ लाखांच्या हत्येला कुणी थोतांड म्हणते, आणि आपण गप्प बसतो, तेव्हा आपण कोणत्या रांगेत उभे असतो? राज्याच्या धोरणाचा हिशेब राज्याकडे मागायचा असतो. एका जमातीच्या नावावर तो चढवला, की आपणही ओळखपत्रावरचा शब्द वाचणारे नाक्यावरचे माणूस झालो.

एका निरपराधाची हत्या ही साऱ्या मानवजातीची हत्या आहे, हा कुरआनचा संदेश आपण प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो. तो दुसऱ्याला ऐकवायला सोपा आहे. अवघड आहे ती दुसरी शिकवण, जी स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातेवाइकांविरुद्ध जावे लागले तरी इन्साफाची साक्ष द्यायला सांगते. आणि पैगंबरांची ती सूचना, की भाऊ जालीम असला तरी त्याला मदत करा, म्हणजे त्याचा हात धरा.

ही साक्ष प्रत्यक्ष दिली गेली होती. १९१९ मध्ये पराभूत आणि परकीय फौजांनी व्यापलेल्या इस्तंबूलमध्ये उस्मानी लष्करी न्यायालयाने आर्मेनियनांच्या कत्तलींचे खटले चालवले. बोगाझलियानचा कायमकाम कमाल बे याला १० एप्रिल १९१९ रोजी फाशी झाली. तीन वर्षांनी अंकाराच्या नव्या संसदेने त्याला राष्ट्रीय हुतात्मा ठरवले. शत्रूचे सैनिक रस्त्यावर उभे असताना आपल्या माणसाविरुद्ध बोलणे म्हणजे गद्दारी, असेच तेव्हा बहुतेकांना वाटत होते. त्या खटल्यात कमाल बेच्या विरोधात ज्यांनी साक्ष दिली, त्यांत त्याच गावचे मुफ्ती होते.